पेटीतला हसरा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. तुम्ही म्हणाल, पेटीचं काय एवढं कौतुक, आमच्याही घरी आहे, तिच्यात आई तांदूळ ठेवते. पण जरा थांबा. माझ्या तोंडावर काचेचा डोळा आहे, पाठीवर काळं कापड आहे आणि कुशीला एक बाही शिवलेली आहे. तांदळाच्या पेटीला बाही असते का? मी फोटो काढणारी पेटी आहे. ज्या काळात चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती, त्या काळात मी बाजार आणि जत्रा करत हिंडत असे.

माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं. चांद्याच्या डोमा सुताराने मला अशी काही घट्ट जोडली, की दार लावलं की आत मुंगीच्या डोळ्याइतकाही उजेड शिरत नसे. भिंग नागपूरहून आलं. ते बसवलं तेव्हा मी पहिल्यांदा जग पाहिलं, आणि खरं सांगते, ते मला उलटं दिसलं! डोमा सुतार खाली डोकं वर पाय करून बिडी ओढत होता. भिंगातून जग असंच आत येतं. मला पुढे त्याची सवय झाली.

माझे मालक गुणवंतराव. उंच, हडकुळा, मनाने फार चांगला माणूस. कुणाचं मूल रडलं तर त्याला हसवायला स्वतः कोंबड्यासारखा आरवणारा. त्यांची एकच खोड होती. डोक्यावरची काळी टोपी ते जेवताना काढत नसत, उन्हात काढत नसत, देवळातही काढत नसत. ती फक्त माझ्या काळ्या कापडाखाली शिरताना निघायची, कारण टोपीसकट डोकं आत मावत नसे. त्यामुळे टोपीखाली काय आहे, किंवा काय नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. गुणवंतरावांचं डोकं घोटलेल्या पाटीसारखं गुळगुळीत होतं. पण मी कधी चकार शब्द काढला नाही. फोटोच्या पेटीने डोळा उघडा ठेवावा आणि तोंड बंद, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

माझं काम कसं चालायचं ते सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. गिऱ्हाईक समोर बसलं की गुणवंतराव माझ्या डोळ्यावरचं टोपण काढायचे, मनात काहीतरी मोजायचे आणि टोपण परत लावायचे. मग बाहीतून हात आत घालून अंधारातच कागद औषधाच्या पाण्यात बुडवायचे. आधी निघायचा तो काळा कागद. त्यावर सगळं उलटं, गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे. तो काळा कागद मग माझ्यासमोर धरून त्याचा पुन्हा फोटो काढायचा, तेव्हा खरा चेहरा उमटायचा. लोक तो खरा फोटो घेऊन आनंदाने घरी जायचे. काळा कागद मात्र गुणवंतराव आपल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. कुणी तो मागतही नसे. आणि मित्रांनो, ज्याच्या हाती तो काळा कागद, त्याला तुमचा चेहरा हवा तेवढ्या वेळा काढता येतो, हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

एकदा थंडीच्या दिवसांत आम्हाला पिपरटोल्याहून बोलावणं आलं. ते ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं गाव, मोठ्या तलावाच्या काठी वसलेलं. तलाव पूर्वी मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा होता, आता सरकारचा झाला होता, आणि गावच्या मासेमारांनी मिळून सोसायटी काढून तो मासोळीसाठी घेतला होता. पण आदल्या उन्हाळ्यात भलत्याच गावचे लोक जाळी घेऊन उतरले आणि म्हणाले, आम्हीपण सोसायटीचेच. ओळखायचं कसं? तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी रामाजी यांनी ठरवलं, की प्रत्येक सभासदाला ओळखपत्र द्यायचं, त्यावर नाव, अंगठा आणि फोटो. कार्ड दाखवेल तोच पाण्यात उतरेल.

गावात दिवाळीसारखी धांदल उडाली. आयुष्यात पहिलाच फोटो! गुणवंतरावांजवळ गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट असे. तो बघताच सगळ्यांना तोच हवा झाला. एकामागून एक सगळे त्याच कोटात बसले. कोलू नावाचा गडी तर थेट तलावातूनच आला, वर कोट आणि खाली ओली लंगोटी, पाण्याचे थेंब टपकताहेत, आणि चेहरा मात्र अगदी कलेक्टरसाहेबाचा.

रामाजींनी ते फोटो ओळीने मांडून पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"अरे, हे काय करून राह्यले तुमी? सगळे एकसारखे दिसून राह्यले! चौकीदार तुमाले तलावावर कोटात पाह्यन का लंगोटीत?"

"पन कोटात मी चांगला दिसतो ना भाऊ," कोलू म्हणाला.

"चांगला दिसाले कारड नाई काढून राह्यलो बाबा! तू जसा हायेस तसा दिसाले पायजे."

झालं, सगळ्या पुरुषांचे फोटो पुन्हा काढायचे ठरले. कोटाचा फोटो कोलूने मात्र जपून ठेवला.

त्या दिवशी रांगेत एकच बाई होती. तिला आपण देवकाबाई म्हणू. तिचा नवरा इस्तारी तापाने गेला होता, घरात एक मुलगी रंभा. नवरा असतानाच ती जाळं विणायची, पाण्यात उतरायची, टोपली घेऊन बाजार करायची. तरी काही जण कुजबुजलेच, की बाईमाणसाला कार्ड कशाला. रामाजी म्हणाले, "ते पान्यात उतरते का नाई? मंग तिले कारड भेटन." विषय संपला. पण देवकाबाईची काळजी संपली नव्हती. त्या कार्डाशिवाय तलाव बंद, आणि तलाव बंद म्हणजे चूल बंद, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"नाव सांगा," रामाजी म्हणाले.

"लिहा ना, रंभाची माय."

"तसं नाई चालत बाई. इस्तारीची बायको बी नाई चालत. तुमचं सोताचं नाव पायजे."

ती थांबली. कितीतरी दिवस न उघडलेल्या फडताळात एखादी वस्तू शोधावी तशी थांबली. मग हळूच म्हणाली, "देवका." आणि आपणच म्हटलेलं आपल्याच कानांनी ऐकून थोडी चकित झाली.

ती माझ्यासमोर बसली तेव्हा पदर पार नाकापर्यंत. गुणवंतराव म्हणाले, "बाई, डोळे तर दिसू द्या." तिने पदर मागे सारला. कपाळावर गोंदण, हनुवटीवर गोंदण, आणि चेहरा कसा, तर शाळेतल्या पहिल्या दिवसाच्या मुलासारखा. गुणवंतरावांनी टोपणाला हात घातला, आणि नेमकं तेव्हाच बाजूला कोलू कोट काढायला गेला. ओला कोट अंगाला चिकटून बसलेला. एक हात निघेना म्हणून गडी गोल गोल फिरू लागला. देवकाबाईला हसू फुटलं. इतक्या दिवसांचं दाबलेलं हसू ते. टोपण निघालं, टोपण लागलं, आणि ते हसू माझ्या पोटात येऊन बसलं.

मित्रांनो, मी शेकडो चेहरे पाहिले. पण तसा फोटो माझ्या हातून पुन्हा झाला नाही. पाहणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच पाहून हसते आहे. "हसराच राहू दे," रामाजी म्हणाले, "ओळखू तं येते." फोटो कार्डावर डकवला, कार्ड देवकाबाईच्या हाती गेलं, आणि तिने ते कापडात गुंडाळून कमरेला खोचलं. काळा कागद नेहमीप्रमाणे डब्यात गेला.

आणि इथेच गुणवंतरावांना मोह झाला.

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. वैनगंगेच्या वाळूत माणसंच माणसं, काठावर मार्कंडादेवाची दगडी देवळं, पाळणे, मुरमुरे, बांगड्या. गुणवंतराव तिथे आंब्याच्या झाडाखाली दुकान थाटायचे आणि पांढऱ्या चादरीवर नमुन्याचे फोटो टाचायचे. त्या वर्षी त्यांनी डब्यातून तो काळा कागद काढला, देवकाबाईचा आणखी एक फोटो केला आणि चादरीच्या अगदी मधोमध लावला. तिला विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, इतकी चांगली वस्तू लोकांनी पाहायला नको का?

लोकांनी पाहिलीच. ही गर्दी झाली! त्या गर्दीत भैयाजी म्हणून एक बिडीवाले होते. त्यांचा बिड्यांचा कारखाना नुकताच निघाला होता आणि बंडलावर लावायला त्यांना चित्र हवं होतं. ते फोटोसमोर खिळूनच राहिले.

"हेच! हसरी बाई छाप बिडी! गुनवंतराव, मले एक मोठा फोटू काढून द्या. खाली तुमचंबी नाव छापतो."

आपलं नाव छापून येणार, तेही बंडलाबंडलावर! गुणवंतराव हरखून गेले. "उद्या संध्याकाळी घेऊन जा," त्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई जत्रेला आली. सोबत जाऊ ताराबाई आणि छोटी रंभा. नदीवर आंघोळ झाली, दर्शन झालं, आणि येताना तिच्या ध्यानात आलं की लोक आपल्याकडे बोट दाखवताहेत. दोन पोरसवदा गडी तर मागेच लागले. "हे तं चादरीवरची बाई! हास ना बाई, एक डाव हास!" तिला काही उमजेना. तिने पदर ओढून घेतला आणि झपाझप चालत आली ती नेमकी आमच्या झाडाखाली. समोर स्वतःचाच चेहरा. त्याच्यापुढे अनोळखी माणसांचा घोळका.

मला तिच्याकडे पाहवेना. पण माझ्या डोळ्याला पापणी नाही.

गुणवंतरावांनी तिला ओळखलं आणि आनंदाने पुढे झाले. "या बाई, या! तुमचं नशीब उघडलं. तुमचा फोटो बिडीच्या बंडलावर येणार! गावोगाव जाणार!"

"कोनाले इचारून?" देवकाबाई म्हणाली.

"म्हणजे? फोटो मी काढला ना. चांगलाच आहे की तो."

"चांगला हाय का बुरा, ते मी कुठी म्हनलं भाऊ? तो मी कारडासाठी काढला. रामाजीभाऊनं मांगला म्हून काढला. बिडीसाठी मी बसली होती का तुमच्यापुढं?" तिने चादरीकडे बोट केलं. "गावोगावचे मानसं मले खिशात घालतीन. बिडी सरली का चुरगाळून फेकतीन. मंग येनारे-जानारे माह्या तोंडावर पाय देतीन. माही पोरगी ते पाह्यन."

गुणवंतरावांनी हे कधी असं पाहिलंच नव्हतं. ते चुळबुळले, पण दिलेला शब्द डोक्यात बसला होता. "भैयाजींना हो म्हणून बसलो आहे बाई. आता कसं करू?" एवढंच ते बोलले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

देवकाबाई निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ढिवराच्या बाईला वाट बघत बसणं चांगलं येतं. मासोळी आज नाही तर घटकाभराने, येतेच.

दुपारी गुणवंतराव भात आणि लाखोळीची डाळ जेवले, पुढच्या गिऱ्हाइकासाठी माझ्या पोटात कोरा कागद लावून ठेवला आणि माझ्यासमोरच्या बाकड्यावर टेकले. नदीचा वारा होता. डोळा लागला, मान मागे पडली, तोंड उघडलं आणि टोपी घरंगळून मांडीवर आली.

झाडाआडून पाहणाऱ्या ताराबाईने तोंडात पदर कोंबला. देवकाबाई पावलांचा आवाज न करता माझ्याजवळ आली. पिपरटोल्यात आपली पाळी येईपर्यंत तिने टोपणाचा खेळ पुष्कळदा पाहिला होता. तिने टोपण काढलं, जरा थांबली, टोपण लावलं. झोपलेला माणूस हलत नाही, हे किती बरं! मित्रांनो, मला त्या क्षणी हसता येत असतं तर माझे सगळे खिळे ढिले झाले असते.

"गुनवंतभाऊ, उठा. पेटीत फोटू हाय एक. काढा बाहीर."

गुणवंतरावांनी आधी टोपी चाचपली, घाईने डोक्यावर घातली, मग बाहीत हात घातला. कागद धुऊन बाहेर काढला आणि पाहतच राहिले. काळ्या कागदावर सगळं उलटं असतं ना? त्यांच्या गोऱ्या, चकचकीत टाळूच्या जागी काळंभोर रान माजलं होतं! क्षणभर त्यांचा चेहरा असा काही खुलला! मग कळलं की हे काळं सुलटं झालं की काय होणार. कान लालबुंद झाले. ते कागद फाडणार, तोच देवकाबाईने तो अलगद काढून घेतला.

"काऊन भाऊ? चांगला तं हाय. हा मी आमच्या बजारात टोपल्याले लावीन. टकल्या छाप मासोळी!"

झाडाखाली एकच हशा पिकला. भोवती घोळका जमला, आणि आता तो फोटोतल्या बाईकडे पाहत नव्हता. गुणवंतरावांच्या टोपीकडे पाहत होता.

"बाई, पाया पडतो," गुणवंतराव हळूच म्हणाले. "माझ्या सासुरवाडीलाही माहीत नाही हो हे."

"लाज वाटून राह्यली?"

"वाटते."

"मले बी वाटली." देवकाबाई आता हसत नव्हती. "तुमी झोपले होते, तुमाले कोनी इचारलं नाई. मी जागी होती, मले बी कोनी इचारलं नाई."

गुणवंतराव उठले, चादरीच्या मधोमध टाचलेला फोटो काढला, पत्र्याचा डबा उघडला आणि तो काळा कागद शोधून दोन्ही तिच्या हातावर ठेवलं. तिने त्यांचा ओला कागद त्यांना परत केला. मग रंभाचं बोट धरून निघाली. जाताना पदर मागे घेतलेला होता.

संध्याकाळी भैयाजी आले तेव्हा गुणवंतरावांनी साफ सांगितलं, "त्या बाई नाही म्हणाल्या. मी आधीच विचारायला हवं होतं." भैयाजी थोडे फुरंगटले, पण करतात काय? पुढे त्यांच्या बंडलावर मोर आला. मोराला कुणी विचारलं होतं का, हे मला ठाऊक नाही.

उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि पिपरटोल्याचा तलाव मासोळीसाठी उघडला. योगायोग असा, की त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. काठावर वारलू नावाचा नवा चौकीदार, दुसऱ्या गावचा, एकेकाचं कार्ड पाहून सोडत होता. देवकाबाईने कमरेचं कापड सोडून कार्ड दिलं. वारलूने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे बाई तं हासून राह्यली. तू कुठी हासून राह्यलीस?"

तिचं तोंड उतरलं. मागे रांग, पुढे पाणी, आणि सगळं त्या एवढ्याशा कार्डावर अडलेलं. जत्रेतली गोष्ट तोवर गावभर झाली होती. तेवढ्यात कोलू रांगेतून ओरडला, "वारलूभाऊ, तिले टकल्या छाप मासोळी इचार!" देवकाबाई खळखळून हसली. वारलूने झटकन फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. "व्हय, व्हय! हेच हाय. जा बाई." ती जाळं खांद्यावर टाकून पाण्यात उतरली. काठावर कोण सगळ्यांत मोठ्याने हसलं असेल? टोपीवाले गुणवंतराव.

त्या जत्रेनंतर आमच्या दुकानाची रीतच बदलली. फोटोबरोबर काळा कागदही गिऱ्हाइकाच्या हाती जायचा, आणि चादरीवर लावायचा तर गुणवंतराव आधी विचारायचे. कुणी नको म्हणायचं. कुणी खुशीने हो म्हणायचं. कोलू तर मुद्दाम चालत आला, आपला कोटातला फोटो घेऊन. "हा टांगा, मधात टांगा, लोकाईले पाहू द्या!" तो कितीतरी वर्षं चादरीच्या मधोमध दिमाखात होता. ज्याला आवडतं त्याने जरूर मिरवावं, त्यात वाईट काय?

पुढे चांद्यात विजेच्या दिव्यांचे स्टुडिओ निघाले, नवे कॅमेरे आले आणि मला माळ्यावर जागा मिळाली. बाहीला कसर लागली, डोळ्यावर धूळ बसली. अलीकडे गुणवंतरावांच्या नातीने मला खाली काढलं, पुसलं आणि बैठकीत ठेवलं. तिथे मुलं येतात. त्यांच्या हातातल्या फोनमध्ये माझ्या जन्मभराचे फोटो एका दुपारी निघतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कुठल्या कुठे जातात. ते पाहून मला कौतुक वाटतं आणि काळजीही वाटते. परवाच एक जण झोपलेल्या मित्राचा फोटो काढून सगळ्यांना पाठवत होता. मित्रांनो, मी तेव्हा फार जोराने करकरले. कुणाचं लक्ष गेलं नाही. म्हणून आज बोलायला बसले. तुमचं ओळखपत्र, तुमचा फोटो कशासाठी मागताहेत ते विचारत जा, आणि दुसऱ्याचा काढण्याआधी, दाखवण्याआधी त्यालाही विचारत जा. माझ्या डोळ्यावरचं टोपण काढायला फार हुशारी लागत नाही. ते केव्हा काढू नये हे कळायला थोडी लागते.

तुम्ही म्हणाल, वा ग पेटीबाई! तोंड बंद ठेवायच्या गोष्टी सांगतेस आणि गुणवंतरावांचं टक्कल आम्हाला दाखवून बसलीस. तर ऐका, ती परवानगी त्यांनीच दिली. म्हातारपणी टोपी खुंटीला टांगून ते ही गोष्ट स्वतः रंगवून सांगत आणि म्हणत, माझं नाव घालून खुशाल सांगा.

पण त्या बाईला मी विचारलेलं नाही. ती गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. म्हणून देवका हे नाव मीच तिला दिलं आहे, रंभा हे तिच्या मुलीला, गावातली बाकीची नावंही माझीच, आणि पिपरटोला नकाशात शोधू नका, सापडणार नाही. रामाजींनी विचारल्यावर ती घटकाभर थांबली आणि मग तिने जे नाव उच्चारलं, ते मला पक्कं आठवतं. ते सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं. माझं टोपण लावलेलं आहे.